आठवीनंतर कुठली शाळा? दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

शिक्षण हक्क कायद्याचं बळ चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत पुरतं. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची प्राथमिक शाळाही बहुतेक ठिकाणी फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. मग दाखला हातात घेऊन आई-वडील हायस्कुलात जातात. तिथे मुख्याध्यापक म्हणतात, “आमच्याकडे सोय नाही, तुम्ही विशेष शाळेत का नाही घालत?” विशेष शाळेत गेलं तर कळतं, की तिथले वर्ग आठवीपर्यंतच आहेत, किंवा ती शाळा वेगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी आहे, किंवा वसतिगृहात जागा उरलेली नाही. उन्हाळ्याची सुट्टी या फेऱ्यांत जाते आणि जून उजाडला की जिथे मिळेल तिथे नाव घातलं जातं.

ही निवड घाईत होऊ नये असं मला फार वाटतं, कारण नववी-दहावीच्या दोन वर्षांत ठरलेल्या गोष्टी पुढे सहज बदलता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या पालकांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

कायदा अठरापर्यंत आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. त्याचं कलम ३१ पालकांनी पाठ करून ठेवावं असं आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते शेजारच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही पसंती मुलाची आहे. ती मुख्याध्यापकांची नाही, समाजकल्याण कार्यालयाचीही नाही. शिक्षण हक्क कायदा आठवीला थांबतो तिथून पुढची चार वर्षं हे कलम सांभाळतं.

त्याच कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं, की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत आणि स्वच्छतागृह वापरता येईल असं करा, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्या. कलम १७ मध्ये परीक्षेचा वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत पुस्तकं व साधनं यांचा उल्लेख आहे.

कायद्यात मुलाची पसंती म्हटलेली असूनही आपल्याकडे मुलालाच विचारायचं राहून जातं. चौदा वर्षांच्या मुलीला ती कुठे रमेल, कुणाबरोबर डबा खायला आवडेल, हे चांगलं ठाऊक असतं. बोलता न येणारं मूलसुद्धा दोन शाळा दाखवून आणल्यावर घरी आपल्या परीने कौल देतं.

‘सरकारी’ विशेष शाळा म्हणजे कोणती

पूर्णपणे शासनाने चालवलेल्या विशेष शाळा थोड्या आहेत. बहुतेक शाळा विश्वस्त संस्थांच्या असतात, त्यांना शासनाची मान्यता आणि अनुदान असतं, त्यामुळे शिक्षण मोफत असतं आणि निवासी शाळेत राहणं-जेवणही. काही महापालिकांच्या स्वतःच्या शाळा आहेत, ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ त्यांपैकी एक. जुन्या संस्थाही आपल्याकडे बऱ्याच. मुंबईत माझगावची कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकातली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची.

कारभाराची एक गुंतागुंत माहीत असलेली बरी. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात, त्यांचं आयुक्तालय पुण्यात आहे. नेहमीच्या शाळा शिक्षण विभागाकडे, आणि तिथल्या दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक, साधनं, भत्ते ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेतून येतात. एका कार्यालयातल्या माणसाला दुसऱ्याकडचं माहीत नसतं. विशेष शाळांची यादी हवी असेल तर एका दारी, शेजारच्या शाळेत विशेष शिक्षक येतो का हे विचारायचं असेल तर दुसऱ्या दारी जावं लागतं.

आधी अठराव्या वर्षाचा विचार

शाळांची यादी हातात घेण्याआधी एक काम करावं. मूल अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याला एकट्याने काय काय करता यायला हवं, ते आई-वडिलांनी आणि मुलाने मिळून कागदावर लिहावं. पदवीला जायचं आहे का? एसटीने किंवा लोकलने एकट्याने जाता यावं का? स्वतःचं बँक खातं चालवता यावं का? कमाईचं कुठलं काम शिकायचं आहे? आपली तब्येत डॉक्टरांना स्वतः सांगता यावी का?

हा कागद तयार झाला की शाळांचं मोजमाप बदलतं. विशेष शाळा बरी की सर्वसाधारण, या वादाला मग फारसा अर्थ उरत नाही, कारण कागदावरच्या गोष्टी कोणत्या शाळेत कोण आणि कधी शिकवणार, हे विचारायचं असतं. नववी-दहावीची दोन वर्षं विशेष शाळेत ब्रेल आणि संगणक पक्का करून अकरावीला सर्वसाधारण महाविद्यालयात जाणं हाही मार्ग आहे, आणि पहिलीपासून गावातल्या शाळेत भावंडांबरोबर शिकत राहणं हाही.

अंध आणि अल्पदृष्टी मुलं

इथे सगळ्यात मोठा प्रश्न गणित आणि विज्ञानाचा आहे. अंध विद्यार्थ्यांनी नववीत हे विषय सोडून द्यायचे, पर्यायी विषय घ्यायचे आणि अकरावीला कला शाखेत जायचं, अशी वहिवाट आपल्याकडे वर्षानुवर्षं पडली आहे. कला शाखेत वाईट काहीच नाही. पण ती मुलीने निवडलेली असावी. शाळेत भूमितीच्या उठावाच्या आकृत्या काढणारं कुणी नव्हतं म्हणून ती वाट्याला येऊ नये.

म्हणून शाळेत थेट विचारा : नववीत बीजगणित-भूमिती शिकवता का? ब्रेलमधली गणिताची चिन्हं शिक्षकांना येतात का? आकडेमोडीच्या टेलर पाटीच्या पुढे मुलं जातात का? गेल्या काही वर्षांत किती मुलांनी दहावीला पूर्ण गणित घेतलं? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली सुरू झालेलं दृष्टिबाधितांसाठीचं साधनकेंद्र, १९५२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंध संघटना, यांच्यासारख्या ठिकाणी सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या मुलालाही सल्ला मागता येतो.

संगणकाचा तास कागदावर आहे की प्रत्यक्षात, तेही पाहावं. ‘एनव्हीडीए’ हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही. मराठी टंकलेखन येणारी दहावीची मुलगी पुढे स्वतःच्या नोट्स स्वतः काढते. नाहीतर बारावीपर्यंत ती कुणीतरी वाचून दाखवण्याची वाट पाहते.

अल्पदृष्टीच्या मुलांचं दुखणं निराळं. उरलेली नजर वापरून, भिंग आणि मोठ्या टाइपाची पुस्तकं घेऊन जी मुलं उत्तम वाचू शकतात, ती कधीकधी अंधशाळेत सरसकट ब्रेलवर बसवली जातात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कामापुरती नजर तपासून घेतल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. नजर हळूहळू जाणाऱ्या आजारात मात्र ब्रेल लवकर शिकलेलं चांगलं.

कर्णबधिर मुलं

महाराष्ट्रातल्या बऱ्याच कर्णबधिर शाळांची परंपरा बोलायला शिकवण्याची, ओठवाचनाची. शिक्षक फळ्यावर लिहितात आणि तोंडाने बोलतात, मुलं मधल्या सुट्टीत हातांनी बोलतात. लहानपणी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळून वाचाउपचार नीट झालेल्या मुलाला ही पद्धत, किंबहुना सर्वसाधारण शाळाही, मानवते. ज्याला ते मिळालं नाही, तो नववीच्या इतिहासाच्या तासाला फळ्यावरचं उतरवून काढतो, आणि दहावीला पास होऊनही वर्तमानपत्रातली बातमी त्याला उलगडत नाही. हे मी सौम्यपणे लिहू शकत नाही, कारण यात हुशार मुलांचं आयुष्य अडतं.

भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून दिल्लीत आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिने २०२१ मध्ये सांकेतिक भाषा हा माध्यमिक पातळीवरचा विषय केला. तेव्हा शाळेला विचारायचा प्रश्न सरळ आहे : विज्ञानाच्या शिक्षकांना सांकेतिक भाषा येते का? शाळेत एखादे कर्णबधिर शिक्षक आहेत का? ते असतील तर मुलांना आपण मोठेपणी कसे असू, हे रोज दिसतं.

पाहणी करताना नववीतल्या दोन-तीन मुलांना एखादा नवा, त्यांनी न पाहिलेला परिच्छेद द्यावा आणि त्यात काय आहे ते त्यांच्या पद्धतीने सांगायला सांगावं. दहावीच्या निकालाच्या टक्केवारीपेक्षा यातून अधिक कळतं.

सेरेब्रल पाल्सी

सगळ्यात जास्त अन्याय मला इथे दिसतो. मान डुगडुगते, बोलणं अस्पष्ट आहे, तोंडातून लाळ येते, एवढ्यावरून मूल मतिमंद ठरवलं जातं आणि बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत जातं. सेरेब्रल पाल्सी झालेल्या कित्येक मुलांची बुद्धी वयाप्रमाणे असते. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत विशेष शिक्षणाचं केंद्र सुरू केलं ते याच मुलांना अभ्यासक्रमाचं शिक्षण मिळावं म्हणून.

अशा मुलाची बुद्धीची चाचणी बोलून-लिहून उत्तर द्यायच्या पद्धतीने झाली असेल तर तो आकडा विश्वासाचा नाही. डोळ्यांनी किंवा बोटाने दाखवून उत्तर देता येईल अशी चाचणी पुन्हा करून घ्या, मगच शाळा ठरवा. सर्वसाधारण शाळा घेतली तर वर्ग तळमजल्यावर असणं आणि स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळणं, या दोन गोष्टींवर तडजोड नको. दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलं आहेत, कारण शाळेत लघवीला जाता येत नाही.

बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता

बौद्धिक अक्षमतेच्या विशेष शाळांमध्ये इयत्ता नसतात, गट असतात, आणि वयाप्रमाणे मूल व्यवसायपूर्व गटात जातं. पुण्याच्या ‘कामायनी’सारख्या संस्थांनी शाळेला जोडून कार्यशाळाही चालवल्या. चौदाव्या वर्षी शाळा निवडताना या व्यवसायपूर्व गटाचा दिवस कसा जातो ते बघायचं. मेणबत्त्या आणि पणत्या वर्षभर करणं हा एक प्रकार झाला. दुकानात जाऊन सुटे पैसे मोजून आणणं, रिक्षावाल्याला पत्ता सांगणं, मासिक पाळीची काळजी स्वतः घेणं, नकोसा स्पर्श झाला तर सांगणं, फोन लावणं, हे शिकवणारी शाळा मी कधीही वरची मानेन. कार्यशाळेत तयार झालेली मुलं पुढे कुठे काम करतात हेही विचारावं.

सौम्य अक्षमता असलेली किंवा स्वमग्न पण अभ्यासात पुढे असलेली मुलं असतील तर एनआयओएसचा विचार करता येतो. तिथे दहावीला पाच विषयांत उत्तीर्ण व्हायचं असतं, चित्रकला किंवा गृहविज्ञान असे विषय घेता येतात, एकेक विषय वेगवेगळ्या सत्रांत देता येतो आणि मिळालेलं यश पाच वर्षं शाबूत राहतं. वर्गातला आवाज आणि वेळापत्रकातला अचानक बदल सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांना याने फार हलकं वाटतं. मात्र परीक्षा मुक्त असली तरी शिकवणारं कुणीतरी रोज लागतं. त्याची सोय शाळा करणार की घर, हे आधी बोलून घ्यावं.

अध्ययन अक्षमता : सवलत विचार करून घ्या

डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलांना विशेष शाळा लागत नाही, समजून घेणारी शाळा लागते. महाराष्ट्राने या मुलांना दहावीला सवलती देण्याची सुरुवात १९९६ मध्ये केली. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्यांची तपासणी होते.

वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, या सवलती बेलाशक घ्याव्यात. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची सवलत मात्र जपून घ्यावी. ज्या मुलाला आकड्यांचाच मूळ त्रास आहे त्याच्यासाठी ती वरदान आहे. फक्त वाचनाची अडचण असलेल्या, पण हातात पाना घेतला की दुचाकी उघडून जोडणाऱ्या मुलाने ती घेतली तर गणितावर उभ्या असलेल्या पुढच्या वाटा त्याला अवघड होतात. टक्के वाढतील म्हणून ही सवलत सुचवणाऱ्या शाळेला पुढच्या वाटांबद्दल विचारायचं धाडस पालकांनी करावं.

शाळा पाहायला जाताना

स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा नववीच्या वर्गात मागे एक तास बसू द्या म्हणून विनंती करा. शिक्षक एका मुलाशी किती वेळ बोलतात, मागच्या बाकावरच्या मुलाला उत्तर द्यायला किती थांबतात, ते तिथेच दिसतं.

विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकाचं प्रमाणही सांगितलं : प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे पंधरामागे एक. तुमच्या हायस्कुलात विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येऊन सही करून जात असतील, तर या निकालाचा दाखला देऊन मागणी करता येते.

मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा शाळा करते का, आणि केला तर तो पालकांना दाखवते का, हेही पाहा. गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलाचा आराखडा नाव झाकून दाखवायला सांगा. सगळ्यांचा सारखाच असेल तर तो फाईलसाठी केलेला आहे.

शेवटी, शाळेने आधी दहावी झालेल्या दोन-तीन मुलांच्या घरच्यांशी गाठ घालून द्यावी. चांगल्या शाळा आनंदाने घालून देतात.

वसतिगृहात ठेवायचं का

खेड्यातल्या पालकांपुढे हाच खरा प्रश्न असतो, कारण विशेष शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. शेतमजुरी करणाऱ्या आईला मुलीला रोज तीस किलोमीटर नेणं-आणणं जमणार नाही. मग वसतिगृह. अंध आणि कर्णबधिर मुलांना तिथे सोबती मिळतात, भाषा मिळते, स्वतःचे कपडे धुण्यापासून सगळं येतं. हे घरी मिळालं नसतं असं मोठी झालेली कित्येक मुलं सांगतात.

पण दाखल करण्याआधी रात्रीची पाहणी करावी. मुलींच्या वसतिगृहात रात्री महिला अधीक्षक राहतात का, मुक्कामाला की नावाला? स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? मुलाने घरी फोन करायचा असेल तर कुणाची परवानगी लागते आणि फोन कुणाच्या समोर बसून करावा लागतो? जे मूल बोलू शकत नाही त्याने तक्रार कशी करायची, याचं उत्तर संस्थेकडे तयार असलं पाहिजे. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा या मुलांनाही लागू आहे, आणि असा प्रकार समजल्यावर पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. हे प्रश्न विचारल्यावर रागावणाऱ्या संस्थेत मूल ठेवू नये.

सुट्टीत घरी आलेलं मूल परत जाताना रडलं, तर ते पहिल्या वर्षी स्वाभाविक असतं. दुसऱ्या वर्षीही तसंच होत असेल तर शांतपणे बसून, शाळेतल्या कुणाला मध्ये न घेता, कारण शोधावं.

शेजारची शाळा नाही म्हणाली तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच सूर बदलतो. न बदलल्यास जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. त्यानंतर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिलेला अर्ज पुरतो.

शाळेच्या अडचणी सगळ्याच खोट्या असतात असंही नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकटे शिक्षक असतात. तेव्हा भांडणाऐवजी पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना एका पानाची ओळख लिहून द्यावी : मुलाला काय येतं, कुठे बसवलं तर ऐकू येतं, झटका आला तर काय करायचं, कशाने घाबरतं. हे पान शिक्षक टेबलाच्या खणात ठेवतात आणि वापरतात.

कागद आणि तारखा

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ हे दिव्यांग ओळखपत्र ‘स्वावलंबन’ पोर्टलवरून अर्ज करून मिळतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत दहावीच्या मार्चमध्ये संपत नाही ना, हे नववीतच पाहून ठेवा. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे म्हणून लेखनिक नाकारला जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार खटल्यातला फेब्रुवारी २०२१ चा निकाल आणि त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या सूचना दाखवाव्यात. लिहिण्यात खरी अडचण असलेल्या उमेदवाराला त्यांचा आधार मिळतो. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे वाढीव वेळ ताशी किमान २० मिनिटं धरली जाते.

पैशांच्या बाजूने पाहिलं तर नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. समग्र शिक्षामध्ये दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता असतो. रक्कम लहान आहे, पण शाळेने नाव पाठवलंच नाही म्हणून ती बुडू देऊ नये.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ आरोग्यविमा आणि अठरानंतर कायदेशीर पालकत्वाची सोय आहे. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो.

दहावीचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात आणि सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातात. लेखनिकाबरोबर लिहिण्याचा सराव करायला किमान सहा महिने लागतात, कारण उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं ही वेगळी कला आहे. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला असतो, त्याला बीजगणिताचं समीकरण कसं सांगायचं हेही ठरवावं लागतं. म्हणून नववीच्या पहिल्या चाचणीपासूनच मुलाला याच पद्धतीने बसवा, आणि शाळा पक्की करताना मुख्याध्यापकांकडून एवढं कबूल करून घ्या.